अचूक वेळेचे सिग्नल वाटायचे आहेत? मग केबल अशी निवडा

उपनगरातल्या एका प्रयोगशाळेतून मला एकदा बोलावणं आलं. १० मेगाहर्ट्झचा संदर्भ सिग्नल चार टेबलांना वाटणारा डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर सरकतो, म्हणजे त्याच्या सिग्नलची वेळ स्थिर राहत नाही, अशी त्यांची तक्रार होती. एकाच अ‍ॅम्प्लिफायरचे दोन आउटपुट काउंटरला, म्हणजे वेळ मोजणाऱ्या यंत्राला, जोडून त्यांच्यातला वेळेचा फरक त्यांनी आठवडाभर नोंदवला होता. आलेखात रोज एक स्वच्छ लाट दिसत होती, दुपारी खाली आणि पहाटे वर. उंची सुमारे ०.३ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग). अ‍ॅम्प्लिफायर एकदा बदलूनही झाला होता, पण लाट कायम होती.

मी अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला दोन्ही केबलींची तोंडं अदलाबदल केली, बाकी कशालाही हात लावला नाही. दोष अ‍ॅम्प्लिफायरचा असता तर लाट उलटी झाली असती. दुसऱ्या दिवशी ती जशीच्या तशी होती. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष. दोन केबलींपैकी एक होती दोन मीटरची. दुसरी आरजी-५८ नावाची साधी केबल, चाळीस मीटर, फॉल्स सीलिंगमधून एसीच्या डक्टवरून येऊन पश्चिमेच्या काचेलगत टेबलापर्यंत उतरलेली. दुपारी चार वाजता काचेजवळ तिला हात लावला तर चांगलीच कोमट लागली. काच आणि केबल यांच्यामध्ये थर्माकोलचे दोन तुकडे सरकवले आणि पुढच्या दिवशीची लाट निम्म्याहून कमी भरली.

वेळेचे सिग्नल वाटणाऱ्या प्रत्येकानं हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. केबलमुळे होणारा उशीर हा दोष नव्हे. उशीर मोजता येतो, वजा करता येतो. पण तो दिवसभरात बदलत राहिला तर वजा काय करणार? म्हणून केबल निवडताना ‘किती उशीर’ यापेक्षा ‘उशीर किती हलतो’ हे आधी विचारायचं.

आधी हिशेब, मग बाजार

प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. सॉलिड पॉलिथिलीनच्या केबलमध्ये सिग्नलचा वेग त्याच्या ६६ टक्के असतो, म्हणजे मीटरला साधारण ५.०५ नॅनोसेकंद लागतात. फोम पॉलिथिलीनच्या जाड केबलमध्ये वेग ८५ टक्क्यांच्या आसपास जातो आणि मीटरला ३.९ च्या जवळपास लागतात. सॉलिड पीटीएफईमध्ये, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणतो, ४.८ च्या जवळपास.

यावरून करायचा गुणाकार सोपा आहे. केबलचा एकूण उशीर, गुणिले तिचा तापमान गुणांक (एका अंशाला उशीर किती प्रमाणात हलतो तो आकडा), गुणिले वाटेवरच्या तापमानाची चढउतार. वरच्या उदाहरणात चाळीस मीटर म्हणजे सुमारे २०० नॅनोसेकंद. सॉलिड पॉलिथिलीनचा गुणांक अंशाला उणे १०० पीपीएमच्या घरात धरा. नमुन्यागणिक तो कमीजास्त असतो, पण अंदाजाला हा आकडा पुरतो. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. २०० नॅनोसेकंदांचे १०० पीपीएम म्हणजे अंशाला २० पिकोसेकंद (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग). काचेलगतची केबल दिवसभरात १५ अंश वरखाली झाली की ३०० पिकोसेकंद. लाटेची उंची तेवढीच होती.

आता हे ३०० पिकोसेकंद तुम्हाला जड जातात का, हे तुमच्या कामावर आहे. सर्व्हरच्या लॉगची घड्याळं एनटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून, जुळवायची असतील तर मायक्रोसेकंदसुद्धा खपतात. तिथं केबलच्या स्थिरतेवर पैसे घालणं म्हणजे उधळपट्टी. जीपीएस रिसीव्हरचा दर सेकंदाचा ठोका, ज्याला सगळे वनपीपीएस म्हणतात, काही नॅनोसेकंदांपर्यंत वापरायचा असेल तरीही चांगली साधी केबल चालते. पण दोन उत्तम घड्याळांची तुलना करताना चित्र बदलतं. सहा तासांत ३०० पिकोसेकंदांची घसरण म्हणजे फ्रिक्वेन्सीत एक कोटी कोटींत सुमारे दीड भाग इतकी खोटी चूक. रुबिडियमच्या अणुघड्याळाला ती जाणवणारही नाही. हायड्रोजन मेसर या त्याहून कितीतरी स्थिर अणुघड्याळाच्या मोजमापात मात्र ती ठळक उठून दिसते, आणि मेसर बिचारा विनाकारण बदनाम होतो.

म्हणून कागदावर आधी एकच आकडा लिहा: संपूर्ण वाटेवर मिळून मला किती पिकोसेकंदांची हालचाल चालेल? तो आकडा ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

वाट चालून बघा

वरच्या गुणाकारात तीन संख्या आहेत. त्यातला गुणांक कमी करायला पैसे लागतात. लांबी आणि तापमानाची चढउतार कमी करायला बहुतेक वेळा फक्त विचार लागतो. संदर्भ घड्याळ खोलीच्या कोपऱ्यातून मध्यभागी आणलं तर चाळीस मीटरचे पंधरा होतात. केबल काचेपासून काढून आतल्या भिंतीलगत नेली तर १५ अंशांचे ४ होतात. या दोन बदलांनी साधी आरजी-५८ सुद्धा ३०० वरून ३० पिकोसेकंदांवर येते. दहापट सुधारणा, एक रुपयाची नवी केबल न घेता.

त्यासाठी वाट स्वतः चालून बघावी लागते. हातात तापमान नोंदवणारे दोन-तीन छोटे लॉगर घ्या आणि ते आठवडाभर ठेवून द्या: एक फॉल्स सीलिंगमध्ये, एक शाफ्टमध्ये, एक टेबलाखाली. मुंबईतल्या इमारतींचा माझा अनुभव असा की खोलीत २४ अंश दाखवणारा एसी सीलिंगच्या वरच्या पोकळीबद्दल काहीच सांगत नाही. तिथं डक्टला चिकटलेली केबल कॉम्प्रेसरच्या प्रत्येक चालू-बंदाबरोबर गार-गरम होते. ही पंधरा-वीस मिनिटांची छोटी लाट दिवसभराच्या मोठ्या लाटेपेक्षा जास्त त्रासदायक असते, कारण ती नेमकी आपल्या मोजमापाच्या अवधीत येते.

ऋतूचंही लक्षात घ्या. मुंबईत केबलची खरी परीक्षा पावसाळ्यात होत नाही. ऑगस्टमध्ये पारा रात्रंदिवस साधारण २५ ते ३० मध्ये फिरतो, आलेख सपाट येतो आणि आपण खूश होतो. जानेवारीत सांताक्रूझला पहाटे १६-१७ आणि दुपारी ३०-३१ असं रोजचं गणित असतं. गच्चीवरच्या काळ्या केबलला तर ऊन लागून ती हवेपेक्षाही बरीच तापते. पावसाळ्यात ‘ठीक आहे’ म्हणून पास केलेली जोडणी हिवाळ्यात नापास झालेली मी पाहिली आहे.

आतला पांढरा थर

केबलची स्थिरता सर्वाधिक ठरते ती मधली तार आणि बाहेरची जाळी यांच्यामधल्या थरावर, म्हणजे डायइलेक्ट्रिकवर. इथंच खरं घोडं पेंड खातं.

प्लॅस्टिक तापलं की फुगतं, विरळ होतं, त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (सिग्नलचा वेग किती मंदावतो ते ठरवणारा आकडा) उतरतो आणि सिग्नल थोडा लवकर पोचतो. त्याच वेळी तांबं अंशाला सुमारे १७ पीपीएमनं लांबतं आणि सिग्नलला थोडा उशीर होतो. एक परिणाम उणे, दुसरा अधिक. सॉलिड पॉलिथिलीनमध्ये प्लॅस्टिकचा परिणाम तांब्यावर कुरघोडी करतो, म्हणून गुणांक मोठा आणि उणे येतो. फोममध्ये प्लॅस्टिक कमी आणि हवा किंवा वायू जास्त, त्यामुळे उणे बाजू हलकी होते. बाहेर पन्हाळीदार तांब्याची नळी असलेल्या फोम केबलीत, ज्यांना मोबाइल टॉवरवाले हेलिअ‍ॅक्स म्हणतात, हे दोन परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात आणि गुणांक दहा पीपीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. अर्धा इंची एलडीएफ४-५० ही वेळेच्या प्रयोगशाळांत आणि रेडिओ दुर्बिणींवर वापरली जाते ती याचमुळे. ती ताठ असते, वळवायला कठीण असते, टेबलाशी तिला थेट जोडता येत नाही. पण लांब पल्ल्यासाठी ती टाका आणि टोकाला अर्ध्या-एक मीटरची लवचीक केबल लावा. हीच माझी नेहमीची जोडणी आहे.

आता टेफ्लॉन. ‘टेफ्लॉनची केबल म्हणजे उत्तम केबल’ हा समज इतका खोल रुजलाय की तो काढताना माझा घसा कोरडा पडतो. सोल्डरिंगच्या उष्णतेला, रसायनांना, जास्त फ्रिक्वेन्सीला टेफ्लॉन खरोखर उत्तम. पण घन पीटीएफईच्या स्फटिकांची रचना १९ अंश सेल्सिअसला बदलते आणि ३० अंशांच्या जवळ आणखी एकदा. १९ च्या आसपास त्याचं आकारमान टक्काभर उडी घेतं. त्यासोबत केबलचा उशीरही काहीशे पीपीएमनं, थोड्याच अंशांच्या पट्ट्यात सरकतो. आलेखावर तिथं गुडघा मोडल्यासारखा बाक दिसतो, म्हणून या क्षेत्रातले लोक त्याला ‘टेफ्लॉनचा गुडघा’ म्हणतात.

हे दोन आकडे पुन्हा वाचा: १९ आणि ३०. आपल्याकडे दिवसा एसी १८ वर लावतात, रात्री आठला बंद करतात आणि मध्यरात्रीपर्यंत खोली ३० च्या वर जाते. म्हणजे केबल रोज दोन्ही बाक ओलांडून परत येते. शिवाय परतीच्या वाटेवर ती नेमकी पहिल्या जागी येईलच असं नाही. थोडा फरक मागे राहतो. दहा मीटरच्या सॉलिड टेफ्लॉन केबलमध्ये ३०० पीपीएम म्हणजे सुमारे १५ पिकोसेकंद. आकडा छोटा वाटतो, पण ती सरळ रेषा नसल्यामुळे एका गुणांकानं तो दुरुस्त करता येत नाही. आरजी-३१६, आरजी-१४२ आणि आरजी-४०२ नावाची ताठ केबल या सगळ्यांच्या पोटात सॉलिड पीटीएफई असतं. टेबलावर अर्धा मीटर जोडायला त्या उत्तम. खोलीभर वाट काढायला नकोत.

टेफ्लॉन विरळ, सच्छिद्र करून बनवलेल्या केबलीत हा बाक बराच बसतो. काही कंपन्यांनी वेगळंच द्रव्य वापरून तो जवळजवळ घालवलाय. टाइम्स मायक्रोवेव्हची ‘फेजट्रॅक’ मालिका त्यांच्या टीएफ४ या द्रव्यावर याच हेतूनं बनली आहे. सगळ्यात वरची पायरी म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडची भुकटी भरलेली ताठ धातूची केबल. तापमानाचा तिच्यावर परिणाम फारच कमी, किंमत फारच जास्त, आणि ओलावा आत शिरला तर भुकटी बिघडते म्हणून टोकं पक्की बंद. उपग्रहांसाठी आणि मोठ्या प्रवेगकांसाठी ती ठीक. पन्नास पिकोसेकंद सहन करणाऱ्या कामाला ती मागवू नका.

डेटाशीट बघताना केवळ ‘फेज स्टेबल’ या शब्दांवर जाऊ नका. हे शब्द दोन अर्थांनी वापरतात. काही केबली वाकवल्या तरी फेज, म्हणजे लहरीची त्या क्षणाची स्थिती, हलत नाही म्हणून स्थिर, काही तापल्या तरी हलत नाही म्हणून स्थिर. तुम्हाला दुसरी हवी असते आणि विक्रेता बहुतेक वेळा पहिली पुढे करतो. तापमान विरुद्ध पीपीएमचा आलेख मागा. तो नसेल तर ती केबल स्थिर नाही असं समजूनच हिशेब करा.

तार, जाळी आणि खिशातलं लोहचुंबक

१० मेगाहर्ट्झला विद्युतप्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगत सुमारे ०.०२ मिलिमीटर जाडीतच वाहतो. त्यामुळे पोलादी तारेवर तांब्याचा जाड मुलामा दिलेली तार साइन लहरीला फारशी खटकत नाही. वनपीपीएसला मात्र खटकते. त्या ठोक्याच्या कडेत खूप कमी फ्रिक्वेन्सीचेही घटक असतात, ते खोलवर पोलादात शिरतात, तिथं रोध वाढतो आणि कडेचा शेवटचा भाग रेंगाळत चढतो. म्हणून वनपीपीएससाठी गाभ्याची तार शुद्ध तांब्याचीच घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबल घेताना मी खिशात एक छोटं लोहचुंबक आणि एक कटर ठेवतो. दुकानदाराला विचारून एक टोक सोलायचं. मधल्या तारेला चुंबक चिकटलं तर आत पोलाद. तार कटरनं खरवडल्यावर आतून पांढरी चमक आली आणि चुंबक चिकटलं नाही, तर अ‍ॅल्युमिनियम. मग जाळी बघायची. तिच्यातून आतला पांढरा थर सहज दिसत असेल तर ती केबल वेळेच्या कामाची नाही. दुहेरी जाळी, किंवा जाळीखाली धातूचा पत्रा असलेली केबल घ्या. शेजारच्या केबलमधला सिग्नल झिरपला की तुमच्या १० मेगाहर्ट्झचा फेज त्याच्या तालावर नाचतो. ‘४०० टाइप’ अशा नावानं मीटरवर सुटी विकली जाणारी केबल तर सोलून पाहिल्याशिवाय घेऊच नका.

आणि हवी तेवढी लांबी एकाच रिळातून एकाच दिवशी घ्या. चार टेबलांना सिग्नल द्यायचा असेल तर चारही केबली एका रिळाच्या, सारख्या लांबीच्या आणि एकाच वाटेनं नेलेल्या असाव्यात. मग चारही सारख्याच सरकतात आणि टेबलांमधला फरक जवळजवळ शून्य राहतो. जवळच्या टेबलाची उरलेली केबल गुंडाळून ठेवायची असेल तर ती लांबच्या केबलींच्याच वाटेवर, त्याच तापमानात ठेवा.

कनेक्टर

बीएनसी, म्हणजे अडकवून फिरवायचा कनेक्टर, सोयीचा, पण तो डुलतो. जोडलेला बीएनसी दोन बोटांनी हलवून बघा आणि काउंटरवर आकडा बघा. जुना घासलेला कनेक्टर असेल तर उडी स्पष्ट दिसेल. कायमच्या जोडणीला टीएनसी किंवा एन जातीचा कनेक्टर घ्या. टीएनसी म्हणजे आट्यांचा बीएनसी. एसएमए हा छोटा आट्यांचा कनेक्टर असेल तर ठरावीक जोरानंच आवळणारा टॉर्क रेंच वापरा: पितळी कनेक्टरला सुमारे ०.५६ न्यूटन मीटर, स्टेनलेस स्टीलला ०.९ ते १ पर्यंत. हातानं ‘घट्ट बसला’ म्हणणं पुरेसं नाही. अ‍ॅडॉप्टरची माळ लावू नका. प्रत्येक अ‍ॅडॉप्टर म्हणजे आणखी एक सैल होऊ शकणारी जागा.

टोकाला पन्नास ओहम

वनपीपीएसच्या केबलचं टोक ५० ओहमच्या रोधाला संपवलं नाही तर कड परत फिरते, स्रोताला धडकून पुन्हा येते आणि कडेवर पायऱ्या पडतात. ट्रिगर, म्हणजे ज्या पातळीला काउंटर वेळ टिपतो ती जागा, नेमका त्या पायरीवर आला की केबलच्या उशिराचा लहानसा बदलही मोजमापात मोठा होऊन येतो. काउंटरचा इनपुट एक मेगाओहमवर राहिला आहे का, हे सगळ्यात आधी बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. ट्रिगरची पातळी कडेच्या सगळ्यात उभ्या भागावर ठेवा.

१० मेगाहर्ट्झच्या साइनमध्ये पायऱ्या दिसत नाहीत, पण परावर्तन असतंच. दोन्ही टोकांना स्टँडिंग वेव्ह गुणोत्तर (परावर्तन किती ते सांगणारा आकडा, अजिबात नसेल तर १) १.१ इतकं चांगलं असलं तरी दोनदा फिरून आलेली लहर फेजमध्ये जास्तीत जास्त ४० पिकोसेकंदांच्या आसपास भर घालू शकते. ही चूक बहुतांशी स्थिर असते. पण अ‍ॅम्प्लिफायर तापला, केबल बदलली की तीही बदलते. सिग्नल भरपूर असेल तर वाटेत ३ डीबीचा (डेसिबलचा) अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा भाग, घाला. फिरून येणारी लहर त्यातून दोनदा जास्त जाते आणि तिचा परिणाम निम्मा होतो. इतक्या स्वस्त भागाचा इतका फायदा क्वचितच मिळतो.

केबलची परीक्षा स्वतः घ्या

डेटाशीट मिळालं तरी एक तुकडा तपासून घ्यावा. केबलमधून जाणाऱ्या सिग्नलचा फेज मोजणारं व्हीएनए हे यंत्र लागतं; स्वस्त नॅनोव्हीएनए असला तरी काम होतं, पण पद्धत नीट हवी.

दहा मीटर केबल सैल गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. सोबत थर्मामीटरचं टोक केबलला चिकटवून आत सोडा. व्हीएनए खोक्याच्या बाहेर, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवून अर्धा तास तापू द्या, मग कॅलिब्रेट करा. केबलची दोन्ही टोकं व्हीएनएला जोडा आणि आरपार जाणाऱ्या सिग्नलचा फेज बघा. इथं बरेच जण फसतात: ते १० मेगाहर्ट्झवरच मोजतात. दहा मीटर पॉलिथिलीन केबल तापमानाच्या अंशाला ५ पिकोसेकंद हलते, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर फेजचा फक्त ०.०१८ अंश. स्वस्त यंत्राला तो दिसणारच नाही. तीच हालचाल ५०० मेगाहर्ट्झवर ०.९ अंश होते. खोकं दहा अंशांनी तापवलं की नऊ अंशांचा फेज डोळ्यांनी दिसतो.

तापवायला खोक्यात ४० वॅटचा बल्ब पुरतो, फक्त तो केबलला टेकू देऊ नका. एकेक अंश चढवत जा, प्रत्येक पायरीला वीस मिनिटं थांबा. केबलचा गाभा बाहेरच्या आवरणापेक्षा उशिरा तापतो. नोंदी वहीत घ्या. मग बल्ब बंद करून उतरतानाही त्याच नोंदी घ्या. चढतानाची आणि उतरतानाची रेषा वेगळी आली तर केबल अजून ‘बसलेली’ नाही. असं तापवणं-गारवणं चार-पाच वेळा केल्यावर दोन रेषा जवळ येतात. चांगले उत्पादक केबल विकण्याआधी हेच करतात. टेफ्लॉनची केबल असेल तर एसीच्या खोलीत १६ अंशांपासून सुरुवात करा आणि १९ च्या आसपासचा बाक स्वतः बघा. एकदा डोळ्यांनी पाहिला की पुन्हा कुणी पटवायला लागत नाही.

व्हीएनए नसेल तर पहिल्या प्रसंगातली युक्ती वापरा. एकाच स्रोताचा सिग्नल दोन केबलींतून काउंटरला द्या, एक केबल खोक्यात, एक बाहेर, आणि फरक नोंदवा.

गच्चीवरची अँटेना

जीपीएस आणि भारताची उपग्रहप्रणाली नाविक यांच्या अँटेनाच्या केबलला नियम थोडे वेगळे. तिच्यातून जीपीएसचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा क्षीण सिग्नल उतरतो, म्हणून वाटेत होणारी सिग्नलची घट महत्त्वाची ठरते. एलएमआर-४०० या जाड फोम केबलमध्ये मीटरला सुमारे ०.१७ डीबी जातात. तीस मीटरला पाच. आरजी-५८ मध्ये तेवढ्याच लांबीला वीसच्या आसपास, म्हणजे अँटेनातला अ‍ॅम्प्लिफायर जवळजवळ फुकट. केबल टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ मात्र रिसीव्हरला चालते. ५० आणि ७५ मधल्या विजोडपणानं जेमतेम ०.१८ डीबी जातात.

तीस मीटर एलएमआर-४०० चा उशीर सुमारे ११८ नॅनोसेकंद. तो रिसीव्हरमध्ये भरला नाही तर तुमचं घड्याळ कायम तेवढं मागे. वीजरोधक अरेस्टर आणि स्प्लिटर यांचाही उशीर त्यात मिळवा.

मुंबईची खारी हवा पितळाला आणि जाळीला खाते. गच्चीवरच्या प्रत्येक कनेक्टरवर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा आणि तिच्यावर उन्हाला टिकणारी काळी टेप लावा. इमारतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी झोलाच्या तळातून गळून जातं. केबल उघड्या उन्हात नेण्यापेक्षा पांढऱ्या पीव्हीसी पाइपातून न्या.

तांबं सोडायची वेळ

दोन इमारती जोडायच्या असतील, किंवा शंभर-दीडशे मीटरच्या पुढे जायचं असेल, तर ऑप्टिकल फायबरकडे वळा. काचेचा गुणांक सुमारे ७ पीपीएम, म्हणजे किलोमीटरला अंशामागे ३५ ते ४० पिकोसेकंद. ५०० मीटरवर आरजी-५८ अंशाला २५० पिकोसेकंद हलेल, फायबर १७ च्या आसपास. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक आणि त्यातून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण एका फटक्यात संपते. रेल्वेमार्गालगतच्या इमारतीत याचं मोल फार. तांब्यावरच राहायचं असेल तर निदान ट्रान्सफॉर्मरनं अलग केलेला आउटपुट घ्या.

सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या व्हाइट रॅबिट पद्धतीत एकाच फायबरमधून दोन्ही दिशांनी सिग्नल पाठवून वाटेतला उशीर सतत मोजला आणि सुधारला जातो, त्यामुळे नॅनोसेकंदाच्या आतली अचूकता किलोमीटरवर मिळते. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्यायचं तर नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण, मुंबईच्या टीआयएफआरचीच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचीच) एक संस्था चालवते ती. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत आणि मध्यवर्ती इमारतीशी त्या फायबरनंच जोडलेल्या आहेत.

बसवणी आणि वही

केबल ओढून बसवू नका, सैल ठेवा. तिच्या जाडीच्या किमान दहापट त्रिज्येत वळवा. प्लॅस्टिकचे टाय कचकचीत आवळले की फोम दबतो, आणि दबलेला फोम महिनोन्महिने हळूहळू सरकत राहतो. त्याऐवजी वेल्क्रोची पट्टी वापरा. पॉवरच्या वायरींपासून वेगळी ट्रे घ्या. बसवल्यावर आठवडाभर कुणी हात लावणार नाही अशी व्यवस्था करा आणि त्यानंतरच उशीर मोजा.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा: क्रमांक, उशीर नॅनोसेकंदात, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर मोजला, तेव्हाचं तापमान आणि तारीख. तीच नोंद वहीतही ठेवा. पहिली तपासणी बसवल्यावर, दुसरी पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये कनेक्टर उघडून गंज बघताना आणि तिसरी जानेवारीत, एखाद्या निरभ्र दिवशी, पहाटे साडेसहाला आणि दुपारी तीनला.